एक गुडघा लेकीचा, एक भावाचा

वलगावहून फोन आला तेव्हा मी राजापेठेतल्या माझ्या दुकानात शिकवणीच्या पोरांना वह्या काढून देत होतो. ताईची शेजारीण बोलत होती. "भाऊ, वच्छाबाई उठून नाई राहिल्या..." एवढंच ती म्हणाली. सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून झेंडूची फुलं निवडत बसलेली माझी मोठी बहीण खुर्चीतल्या खुर्चीत गेली. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. त्यालाही आता काही आठवडे झाले. पण तेरवीपासून आजपर्यंत जो भेटतो तो हेच विचारतो, "त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं ना? मशीनवालं की साधं?" मी सांगून सांगून थकलो की बाबांनो, ऑपरेशनला वर्ष उलटून गेलं होतं, पाय ठणठणीत होता, गुडघ्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही. माणसं मान हलवतात, चहा पितात आणि जाता जाता पुन्हा विचारतात, "म्हणजे मशीनवालं नव्हतं तर?" म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

ताईचे यजमान लवकर गेले. वलगावजवळ थोडं शेत आणि सीमा नावाची एकुलती एक मुलगी, एवढाच तिचा पसारा. मुलगी अकोल्याला दिली. कपाशीत बोंडअळी शिरली, पुढे सोयाबीन पिवळं पडू लागलं, गावातली तरणी माणसं एकेक करून पुण्याकडे निघाली, तेव्हा ताईनं बरंचसं शेत बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलं आणि विहिरीजवळच्या तुकड्यात झेंडू आणि मेथी लावली. पाऊस बरा झाला तर भाव नसायचा, भाव आला तर फुलं काळी पडलेली असायची. कुरकुर तिनं केली नाही, निंदण मात्र केलं, आयुष्यभर उकिडवं बसून. त्यात तिचे दोन्ही गुडघे गेले. ऑपरेशनच्या आधी ती भिंत धरून न्हाणीघरात जायची आणि मला फोनवर सांगायची, "मस्त हाय मी, तू तुयं दुकान पाय."

त्याच सुमारास अमरावतीत एका दवाखान्यात रोबोट आला. त्यांनी गुडघेदुखीचं शिबिर ठेवलं आणि मी ताईला घेऊन गेलो. पडद्यावर हाडांचा नकाशा दाखवला, यंत्राचा हात दाखवला. ताई पहिल्या रांगेत डोळे बारीक करून बघत होती. प्रश्न विचारा म्हणाल्यावर तिनं विचारलं, "मशीन कापते, तवा डॉक्टर काय करून राह्यते?" सगळा हॉल हसला. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं नीट समजावलं की ऑपरेशन डॉक्टरच करतो, यंत्र माप देतं आणि आखल्याबाहेर हात जाऊ देत नाही. मला हे इतकं पटलं की मी घरी येऊन पाठची खोली रिकामी केली, उंच पलंग घेतला, संडासात धरायला दांडा ठोकून घेतला. ताई आपल्याकडे राहील, बायको आणि मी करू, असं मनात अगदी पक्कं झालं होतं.

सीमाचं म्हणणं उलट. अकोल्याच्या एका जुन्या डॉक्टरांनी तिच्या सासूचे गुडघे साध्या पद्धतीनं बदलले होते आणि सासूबाई आता जिना चढत होत्या. "हात बसलेला माणूस हाय तो, मामा. मशीन कालची." मग आमचे फोन सुरू झाले. मी म्हणायचो अचूक माप, ती म्हणायची अनुभव. मी माहितीपत्रकं पाठवायचो, ती सासूच्या चालण्याचे व्हिडिओ. शेवटी त्या अकोल्याच्या डॉक्टरांनाही आम्ही जाऊन भेटलो. ते म्हणाले, "मशीन वाईट नाही. माप चांगलं देते. पण पुढे वर्षानुवर्षं त्यानं किती फरक पडतो, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू नये. कुठंही करा, नंतरचा व्यायाम चुकवू नका आणि मांडी घालून बसू नका." म्हणजे ज्याच्यावरून भांडत होतो त्यातली अर्धी हवा त्यांनीच काढली. तरी आम्ही भांडतच राहिलो. ताई काही बोलेना. कोणी फारच विचारलं तर म्हणायची, "रोबोटच बरा." लोक कौतुक करायचे, बघा, या वयात किती पुढारलेली बाई!

पुढारलेली कसली! आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आई तिच्या घरचं अन्न खात नाही. नव्या पिढीत हे कोणी फारसं पाळत नाही, ताईनं मात्र पाळलं. सीमाला मूल झालं नाही. दवाखाने झाले, नवस झाले, मग तो विषयच कोणी काढेना. इतकी वर्षं ताई अकोल्याला जायची ती स्वतःची भाकर आणि पाण्याची बाटली घेऊन. लेकीच्या ओसरीत बसून फडक्यातली भाकर खायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. सीमा समोर बसून पाहायची. आणि ऑपरेशन अकोल्यात म्हणजे महिना-दीड महिना लेकीच्या घरी. रोबोट आमच्या अमरावतीत होता, म्हणून तो बरा.

हे माझ्या ध्यानात आलं ते माझ्याच घरी, आम्ही तिघं ठरवायला बसलो तेव्हा. मी पुन्हा माप-माप करत होतो. सीमानं हातातला कप खाली ठेवला. "मामा, रोबोटनं करा नाई तर हातानं करा, मले काई फरक नाई पडत. मले मायले माया घरी जेवतानी पाहाचं हाय."

ताई म्हणाली, "मंग इतके दिवस त्या डॉक्टरचं नाव घेऊन काहून भांडून राह्यली?"

"दुसरं काय सांगू? लेकरू नाई म्हनून तू पानी पेत नाईस, हे सांगू?"

ताई बराच वेळ आपल्या गुडघ्यांवर हात फिरवत राहिली. मी मधला मार्ग काढायला गेलो की ऑपरेशन इथं करू, मग गाडीनं अकोल्याला नेऊ. तिनं मला गप्प केलं. "टाक्याचा पाय घेऊन मी कुठी हिंडू? जिथं राहाचं, तिथंच कराचं." आणि माझं तोंड पडलेलं पाहून म्हणाली, "तू नको रुसू. एक गुडघा लेकीचा, एक तुया रोबोटले देईन. झालं?"

ऑपरेशन अकोल्यात झालं, साध्या पद्धतीनं, नीट झालं. ती सीमाच्या घरी आली त्या दिवशी मी तिथंच होतो. सीमानं ताट आणलं. वरण, भात, वांग्याची भाजी, पोळी. ताईनं ताटाकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि घास घेतला. चावला, गिळला. म्हणाली, "मीठ कमी हाय भाजीत." सीमा हसायला लागली आणि हसता हसता जी रडायला लागली ती थांबेना. ताई जेवत राहिली, पुन्हा भाजी मागितली. मला तेव्हा फार बरं वाटलं आणि पाठच्या खोलीतला पलंग आठवून थोडं वाईटही वाटलं, हेही खरं.

ताईचा दुसरा गुडघा माझ्या वाट्याचा होता. दसरा होऊ दे, मग दिवाळीची फुलं होऊ दे, मग उन्हाळा नको... शेत कधी मोकळं झालं नाही आणि ताईलाही कधी मोकळं होता आलं नाही. मी किती वेळा तारीख घेतली आणि किती वेळा बदलली! आता थकवा येतो त्या आठवणीनं. संडासात ठोकलेला दांडा धरून हल्ली मीच उठतो.

परवा अकोल्याला गेलो होतो. सीमाच्या आतल्या खोलीत फरशीवर, खुर्चीसमोर, निळ्या मार्करच्या आडव्या रेघा दिसल्या. पहिली खुर्चीपासून बरीच लांब, मग जवळ, आणखी जवळ, शेवटची थेट खुर्चीच्या खाली. मी विचारलं. ती म्हणाली, ताई खुर्चीत बसून रोज टाच मागे ओढायची, ती जिथवर जायची तिथं सीमा रेघ मारायची. घराघरांत दाराच्या चौकटीवर पोरांची उंची मांडून ठेवतात, तशा त्या दिसत होत्या. हे मी बोललो नाही. "पुसणारीले सांगतलं हाय," सीमा म्हणाली, "तेवढ्या जागी निस्तं ओलं फडकं फिरव, घासू नको."

मला निघायचं होतं, दुकान बंद ठेवून आलो होतो. सीमा त्या खुर्चीत बसली, तिनं आपली टाच शेवटच्या रेघेवर नेऊन टेकवली आणि थोडा वेळ तशीच राहिली. मग उठली आणि माझ्यासाठी ताट वाढायला घेतलं.