पंचायतीतल्या आमच्या वन्सं

आमच्या वन्संना 'नाही' म्हणताना कुणी ऐकलं नव्हतं. चहा अगोड झाला तरी बरा, लुगड्याचा रंग विटका निघाला तरी बरा. वैधव्य आल्यावर त्या डोंबिवलीला धाकट्या भावाच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या घरी आल्या आणि अर्धं स्वयंपाकघर न सांगता अंगावर घेतलं.

हे ग्रामपंचायतीचे सरपंच. बायकांची जागा भरायची वेळ आली तेव्हा ह्यांनी घरातलीच, शब्दाबाहेर न जाणारी बाई बसवली. सभा शाळेच्या वर्गात भरायची. बाईमाणसाने एकटं कसं जायचं, म्हणून सोबतीला मी. ह्यांचा हात वर गेला की वन्संनी आपला करायचा, एवढंच त्यांचं काम.

पण सभासद झालो म्हणजे गाव बघायला हवं, अशी वन्संची भाबडी समजूत. दुपारची झाकपाक झाली की छत्री घेऊन निघायच्या, मला ओढत. कोपरच्या अंगाला मिठागरातल्या कामकऱ्यांची वाडी होती. तिथे ना दिवा, ना नळ. बायका रूळ ओलांडून घागरी आणत. घरपट्टी मात्र झोपड्यांवरही होती. परतताना वन्सं रस्त्यातच थांबल्या.

"अगं, या वाडीच्या पट्टीवर आपल्या आळीत कंदील जळतात."

मी हादरले. त्या उजेडात मी इतकी वर्षं वावरले होते.

पुढे पक्क्या घरांची पट्टी वाढवून वाडीला नळ न्यायचा ठराव आला. ह्यांचा कडवा विरोध. मतं अगदी बरोबरीत येणार आणि सरपंचांच्या जादा मताने ठराव पडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठरावाच्या बाजूचे हात मागितले आणि माझ्या शेजारचा, बांगडी नसलेला हात वर गेला.

"ताई, ठराव कळला का तुला?" ह्यांनी विचारलं.

"कळला, दामू. म्हणून तर हात वर केलाय." आवाज थरथरत होता, हात नव्हता.

ठराव पास झाला. घरी येताच ह्यांनी बजावलं, राजीनामा दे, नाहीतर वेगळं बिऱ्हाड बघ. मला वाटलं, वन्सं नमतील. सकाळी बघते तर वळकटी बांधलेली. खोली घेतली तीही त्याच वाडीत. आळीने तोंडात बोटं घातली. मी तर दारात नुसती उभी राहिले.

नळाचं उद्घाटन सरपंच म्हणून ह्यांनाच करावं लागलं. गळ्यात हार, समोर घागरींची रांग, आणि रांगेच्या शेपटाला वन्सं. ह्यांचा चेहरा उतरला. एवढ्या महिन्यांत हे प्रथमच वन्संशी बोलले.

"ताई, पुढे ये."

"माझा नंबर येऊ दे, दामू."

हार काढून हे तरातरा निघाले. मी मागोमाग येतेय, असं हे धरूनच चालले होते. वन्संची घागर भरेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.