वहिनींचा मोबाइल आणि माझं इंग्रजी

"परत म्हण ना गं! किती गोड म्हणतेस!"

वहिनींनी मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. कारखान्यात सगळ्यांचे हात थांबले. पेणमधला गणपतींचा कारखाना. वहिनी मालकांची सून, शिकलेली. मी चौथी पास, मूर्तींचे डोळे आखणारी.

घडलं होतं एवढंच. परदेशातलं गिऱ्हाईक व्हिडिओवर होतं. मूर्ती आजच पेटीत भरतो, असं वहिनी त्याला सांगत होत्या. शाडूची मूर्ती, तळ अजून ओला. त्यांनीही हात लावून पाहिला होता. बोट पदराला पुसलं आणि हसून बोलत राहिल्या.

मागच्या वर्षी अशीच ओली भरली. तडा गेला. दोष माझ्या नावावर आला.

म्हणून मी पुढे झाले. "सर, नॉट ड्राय. टुडे नो पॅक." तो म्हणाला, "व्हॉट?" मी तळावर हात ठेवून सावकाश परत म्हटलं. त्याला कळलं. "ओके, थँक यू," म्हणाला. हसला नाही.

हसल्या त्या वहिनी, फोन बंद झाल्यावर.

त्यांचं 'गोड' मला ठाऊक आहे. दिवाळीत त्यांनी माझ्याकडून असंच काहीबाही इंग्रजी म्हणवून घेतलं, त्याचा व्हिडिओ केला आणि सगळीकडे पाठवला. मी भाऊबीजेला रोह्याला गेले, तर भाची मोबाइल घेऊन दारात. "आत्या, ही तूच ना गो?" मी पोचायच्या आधी माझं हसं पोचलं होतं.

मी रंगाच्या हाताने मोबाइल खाली केला.

"नाय म्हणणार."

"अगं, गंमत!"

"मग त्या सायबाशी करा गंमत."

मागून रंग देणारी सुमन म्हणाली, "आयो, मुकीला वाचा फुटली!"

मुकी. डोळे आखताना आम्ही बोलत नाही, श्वाससुद्धा धरून ठेवतो, नाहीतर रेघ हलते. त्या गप्प बसण्याची मला सवय झाली. बाकीच्यांची सोय झाली.

संध्याकाळी वहिनींनी विचारलं, "राग नाही ना आला?" मी आधी त्यांच्या हाताकडे पाहिलं. मोबाइल परत माझ्यावर धरून व्हिडिओ घेत नाहीत ना, ते बघितलं. मग मान हलवली, आला म्हणून.

उद्या फोनच्या वेळी मला चहा आणायला पाठवतील. कदाचित डोळ्यांचं कामही काढून घेतील. घेऊ देत.

डोळे आखताना मी गप्प राहीन. तेवढ्यापुरतीच. जिथे दोष माझ्यावर येणार, तिथे मीच बोलणार. अशीच, माझ्याच तोंडाने. समोरच्याला कळेपर्यंत.