निळ्या रंगावर कसलेला बोल्ट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही — वेळ पुष्कळदा आली, समोर बसून चहा पिऊन गेली. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल, असं वाटलं होतं. तेही जात नाहीये. पण लिहायला बसले आहे, तर आता उठत नाही.

प्रताप नगरात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पाण्याचे पंप, कूलरच्या मोटरी. पॉलिटेक्निकात इलेक्ट्रिकल शिकले आणि तेव्हापासून हेच करते. काम चोख असतं असं लोक म्हणतात, मीही म्हणते. गिऱ्हाइकाला रोज बजावते — बाकी काही करा, अर्थिंग कच्चं ठेवू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना 'बिचारीला माहीत नसेल' असं तुम्हाला वाटायला नको. मला माहीत होतं.

दरवर्षी दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी, दीक्षाभूमीवर बाहेरगावाहून येणाऱ्या लोकांसाठी आमच्या घरून जेवण जातं. सासऱ्यांपासूनची रीत. भाताचे गंज, म्हणजे मोठाली पातेली, न्यायला टेम्पो ठरवायचा आणि टेम्पोवाल्याने ऐन वेळी फोन उचलायचा नाही, हीसुद्धा जवळजवळ रीतच झाली होती. एका वर्षी मी वैतागले. म्हटलं, आपल्याच गाडीला मागून हुक लावू आणि छोटी ट्रॉली ओढू. हुक म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला पक्का कसलेला लोखंडी दांडा, टोकाला ट्रॉली अडकवायचा गोळा. तो एका गॅरेजमधून बसवून घेतला. वायरिंग मात्र मी करणार होते. दुसऱ्याच्या हातचं वायरिंग मला चालत नाही.

काम तसं अवघड नाही. गाडीच्या मागच्या दिव्यांच्या तारांना जोड द्यायचे, बंपरखाली सॉकेट बसवायचं. ट्रॉलीची पिन त्यात गेली की गाडीचा ब्रेक दाबल्यावर ट्रॉलीचाही दिवा पेटतो. आणि तो पेटायलाच हवा — कारण ट्रॉलीवर गंज चढले, वरून ताडपत्री आली, की गाडीचे स्वतःचे दिवे झाकले जातात. मागून येणाऱ्याला दिसतो तो फक्त ट्रॉलीचा दिवा.

ट्रॉली प्रमोदने रंगवली. प्रमोद माझा धाकटा दीर, शाळेची व्हॅन चालवायचा. दसऱ्याला जायची गाडी म्हणून त्याने तिला निळा ऑइलपेंट दिला, हातावर हात, इतका जाड की खाली लोखंड आहे हे विसरावं. आणि मी अर्थिंगची तार त्या रंगावरच ठेवून बोल्ट कसला. रंगातून करंट जात नाही; तो खरवडायचा, लोखंड उघडं करायचं, मग तार लावायची — हे शिकाऊ पोरालाही कळतं. प्रमोदने एवढ्या हौसेने दिलेला रंग बिघडू नये म्हणून मी खरवडला नाही, असं बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. मला घाई होती. पोतंभर कांदे चिरायचे पडले होते.

आदल्या दिवशी संध्याकाळी दिवे तपासले. मी गाडीत, प्रमोद ट्रॉलीमागे.

"वहिनी, ब्रेक दाबला का लाइट वाढाले पाह्यजे न? हा तं कमी होऊन राहिला."

"उजेड आहे अजून, भाऊजी. म्हणून तसं वाटते."

"उजेडावर काहून ढकलता?" तो हसला. "पण तुम्ही म्हणता तं बरोबरच असन. घरच्या इंजिनियर तुम्ही."

ब्रेक दाबल्यावर दिवा मंद होतो म्हणजे अर्थिंग कच्चं. हे निदान मी गिऱ्हाइकाला फोनवर देते, वस्तू न बघता. त्या क्षणीही कळलं होतं. एक पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा, एवढंच लागत होतं. उद्या सकाळी पाहू म्हणाले. सकाळी पाहिलं का? नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं, मग निघालो. जेवण झकास झालं, गंज रिकामे झाले. परतताना अंधारून आलं होतं. नवरा गाडी चालवत होता, मी शेजारी. प्रमोद मोटरसायकलवर मागे होता — ट्रॉलीच्या मागेच राहा, लक्ष ठेवा, असं त्याला मीच सांगितलं होतं. घराकडच्या वळणाआधी एक गाय आडवी आली. नवऱ्याने करकचून ब्रेक दाबला. आधी रिकाम्या गंजांचा आवाज झाला. मग दुसरा.

प्रमोदचं कोपर मोडलं, गुडघा फुटला. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या तो एकच सांगत होता, "दादा, लाइट लागलाच नाही गा."

मी ते ऐकलं. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही थांबा इथं, मी चादर आणि थर्मास घेऊन येते. ट्रॉलीसकट गाडी घरी आणली. एका बाजूचा दिवा फुटला होता, दुसरा शाबूत. मी बोल्ट सोडवला. लोखंड चमकेपर्यंत रंग घासला. तार लावली, बोल्ट कसला. प्रमोदच्या डब्यात थोडा रंग उरला होता, त्यात बोट बुडवून वरून फिरवलं. मग रॉकेलने बोट पुसलं, थर्मास भरला आणि परत दवाखान्यात गेले. एकही पायरी चुकले नाही. चुकले असते तर आज मला बरं वाटलं असतं का? कोण जाणे.

दवाखान्यातून घरी आल्यावर प्रमोदनेच हट्ट धरला — सगळ्यांसमोर ट्रॉली लावा, दिवा पाहा. प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून अंगणात उभा राहिला. त्याची बायको सुनंदा होती, नवरा होता, दोन चुलत दीर होते. प्रमोदला पक्की खात्री होती. मी गाडीत बसले, ब्रेक दाबला. मागची अख्खी भिंत लाल झाली.

मग एक चुलत दीर अर्धवट हसत म्हणाला, "घेतली होती का गा त्या दिवशी?"

प्रमोद आयुष्यात कधी प्यायलेला नाही. तो भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मंग मलेच दिसलं नसन."

मी तेव्हा एक शब्द खोटं बोलले नाही. फक्त ब्रेकवर पाय ठेवून बसले होते. आदल्या संध्याकाळी त्याने मला काय सांगितलं होतं, ते त्यालाही आठवत असणार. पण त्याने ते काढलं नाही. मी तरी कुठं काढलं?

पुढे मीच त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. हो, मीच. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. मी म्हणाले, पुन्हा एकदा बघा. शेवटी कसलासा किरकोळ नंबर निघाला आणि चष्मा लागला. घरच्यांना बरं वाटलं — कारण सापडलं होतं. हाड जुळलं, गुडघा भरला, पण प्रमोदने व्हॅन विकून टाकली. कुणी विकायला लावली नाही. "लेकरं असतात मागं," एवढंच म्हणाला. आता एका गोदामात माल उतरवून घेतो, बसने जातो-येतो. त्या नोकरीबद्दल तो कधी कुरकुरत नाही. कोणत्याच गोष्टीबद्दल कुरकुरत नाही.

परवा सुनंदाची औषधं आणायला आम्ही दोघं पायी गेलो होतो. चौकात रस्ता ओलांडायचा होता. सिग्नल समोरच, भर दुपारी स्वच्छ दिसत होता. प्रमोद माझ्याकडे वळला.

"वहिनी, गाड्यांचा लाल झाला न?"

"झाला," मी म्हणाले.

त्याने वर पाहिलंही नाही. माझ्या शब्दावर रस्त्यात पाऊल टाकलं.