आमचे सगळे पालक

नववीत असताना मी आणि माझ्या मैत्रिणीने शाळेच्या चॅपेलची घंटा वाजवली. ती रोज दुपारी बाराला, प्रार्थनेच्या वेळी वाजायची. आम्ही ती अकराला वाजवली. अकराला बीजगणिताची चाचणी होती आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

परिणाम आमच्या कल्पनेपलीकडचा झाला. व्हरांड्यातल्या दोन सिस्टर चालता चालता थबकल्या आणि डोळे मिटून प्रार्थना म्हणू लागल्या. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातल्या अक्काने भात अर्धाकच्चाच उतरवला. लहान वर्ग डबे घेऊन मैदानात सुटले. गणिताच्या टीचरसुद्धा कोरे पेपर गोळा करून जेवायला निघाल्या! आम्ही दोघी दोरीला लोंबकळत इतक्या हसत होतो की पळायचं भानच राहिलं नाही. प्रिन्सिपल सिस्टरनी आम्हाला दोरीसकट पकडलं.

या सिस्टर मंगळूरकडच्या. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, म्हणून त्यांची जास्तच भीती वाटायची. "उद्या पालकांना घेऊन या," एवढंच त्या म्हणाल्या. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मैत्रीण मात्र पांढरीफटक पडली. ती हॉस्टेलवर राहायची. तिला आई नव्हती आणि वडील मालवाहू जहाजावर, त्यांचा फोन लागला तर लागला. हॉस्टेलचा नियम असा, की तक्रार झाली आणि घरचं कुणी आलं नाही, तर नाव कमी. नाव कमी झालं की कारवारची मावशी. मावशीने आधीच सांगून ठेवलं होतं, इकडे आलीस तर शाळा विसर, माझी पोरं सांभाळ.

"तुला काय, तुझे येतील," ती म्हणाली.

"होईल गं काहीतरी," मी म्हटलं. काय होईल ते मलाही माहीत नव्हतं.

दुर्गदबैलच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आणि वरच्या मजल्यावर घर. आमच्यात पालक म्हणून कुणी वेगळं नसतं. जो समोर येईल तो रागावतो, जो मागून येईल तो खाऊ देतो. सिस्टरनी बोलावलंय म्हटल्यावर घरात मुलगी बघायला निघाल्यासारखी तयारी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या टेम्पोतून माझे वडील अप्पा, आई, थोरले काका म्हणजे आमचे अण्णा, काकू आणि ठेवणीतलं इरकल नेसलेली आज्जी असे सगळे शाळेच्या फाटकात उतरले. धारवाडच्या मळमड्डीची आत्या, निवृत्त शिक्षिका, तिथून बसने येत होती. तिने फोनवरून बजावलं, "मी रायापूरला, अर्ध्या वाटेत पोचलेय. सुरू करू नका!"

सिस्टरना खरंच थांबावं लागलं. ऑफिसात खुर्च्या पुरेनात म्हणून शिपायाने बाक आणला. काकूने पेढ्यांचा पुडा सोडला, पहिला सिस्टरना दिला, मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या आम्हा दोघींना. "आधी खावा, मग रडा," ती म्हणाली.

आत्या घाम पुसत आली आणि सिस्टरनी निकाल दिला. आठवडाभर शाळेत यायचं नाही, घरी बसून विचार करायचा.

पहिला भाव ऐकून मान डोलावणारं माणूस आमच्या घराण्यात जन्मलेलं नाही. अण्णा पुढे सरकले. "स्वल्प कम्मी माड्री, सिस्टर." थोडं कमी करा. दिवसभर गिऱ्हाइकांकडून हे ऐकून त्यांचे कान किटलेले असत, आणि आज तेच हात जोडून म्हणत होते.

"हॉस्टेलच्या चादरी घ्यायला मी येते, तेव्हा तुम्ही किती कमी करता?" सिस्टरनी शांतपणे कन्नडमध्ये विचारलं.

अण्णा जोडलेले हात सोडून मागे सरकले. आईने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. आत्याने सूत्रं हाती घेतली. "शिक्षा हवीच. पण ही आठवडाभर घरात बसली तर शिक्षा आम्हाला होईल की!" अप्पा भाबडेपणाने म्हणाले, "माझं म्हणाल तर महिनाभर ठेवा घरी." सौदा मोडतोय बघून अण्णांनी त्यांच्या पायावर पाय दिला. आज्जी मधूनच विचारत होती, "घंटा झकास वाजली का गं?" शेवटी चार दिवसांवर जमलं. सगळे उठले, नमस्कार झाले, राहिलेले पेढे सिस्टरांच्या टेबलावर ठेवले गेले.

मग सिस्टर माझ्या मैत्रिणीकडे वळल्या. "तुझं कोण आलंय?"

हातातला पेढा तिने खाल्लेला नव्हता. माझं सगळं हसू त्या क्षणी आटलं. मी अप्पांकडे बघितलं.

आज्जी परत बाकावर बसली. आज्जी बसली म्हणून काकू बसली, मग एकेक करून सगळेच.

"तुम्ही हिचे कोण?" सिस्टरनी विचारलं.

"बाई," आज्जी म्हणाली, "दोरी दोघींनी ओढली म्हणताय. मग माणसं एकीचीच कशी?"

सिस्टरनी बाकावरच्या सगळ्यांवरून नजर फिरवली. या वेळी अण्णांनी घासाघीस केली नाही, कुणीच केली नाही.

"बरं. हिलाही चार दिवस," सिस्टर म्हणाल्या. "नाव राहील. वडिलांना मी कळवते. पण चार दिवस घरी पाठवायचं, तर हिला कुठल्या घरी पाठवू?"

"कुठल्या म्हणजे?" काकू उठलीच. "चल गं, दप्तर घे. कपडे किती आहेत तुझ्याकडे?"

टेम्पोत मैत्रीण काकू आणि आत्याच्या मध्ये दाटीवाटीने बसली. फाटकाबाहेर पडताच काकूने तोंड सोडलं. देवाची घंटा खेळायला असते काय, हात मोडले असते म्हणजे, अकला कुठं गहाण टाकल्या होत्या! मी सवयीने खिडकीबाहेर बघत होते. मग लक्षात आलं की काकू माझ्याशी बोलतच नव्हती. दुर्गदबैल येईपर्यंत ती माझ्या मैत्रिणीला झाडत होती, आणि मैत्रीण मान खाली घालून, डोळे पुसत, पेढा खात होती.