भुंग्याचे मधले दोन पाय

१९७१ साल. मी सव्वीस वर्षांचा होतो. घोडेगावच्या बाजारात बैलांच्या खुरांना पत्र्या, म्हणजे लोखंडी नाल, ठोकायचो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, चार पायांना आठ. शाळा तिसरीतच सुटली, पण हे गणित कधी चुकलं नाही.

त्या साली गुरुजींनी सातवीच्या पोरांकडून शाळेच्या अंगणात भंगाराचे मोठाले किडे करून घेतले. सायकलच्या चेनीचा नाकतोडा, तुपाच्या डब्यांचं फुलपाखरू. उपड्या घमेल्यावर माझ्याकडच्या झिजलेल्या पत्र्या तारेनं बांधून भुंगा केला. पत्र्यांची पाठ अशी चकाकत होती की मीही बघत राहिलो. पाय तेवढे मी गजाचे करून द्यायचे होते. दिले.

एक पोरगी म्हणाली, "मामा, दोन पाय राहिले."

"चार दिलेत की!"

"भुंग्याला सहा असत्यात."

"माझा जन्म पाय उचलन्यात गेला. तू मला शिकवतीस व्हय?"

"बैलाचे उचलले, मामा. भुंग्याचा कधी उचलला?"

पोरं फिदीफिदी हसली. गुरुजींनी तोंड फिरवलं, पण खांदे हलताना मला दिसले. "चारच असत्यात," असं ठणकावून मी निघालो. मागं पोरांनी राहिलेल्या मधल्या दोन पायांच्या जागी घमेल्याखाली विटा लावल्या. दुसऱ्या दिवशी दहाला सगळा गाव किडे बघायला येणार होता. माझं काम विटांवर टेकलेलं बघणार होता.

दिवस मावळायच्या आत मी उकिरडा उकरायला बसलो. बायको म्हणाली, "आवो, बैल हुडकताय का शेणात?"

भुंगा सापडला. पत्र्या ठोकताना बैल पाडतो तसा त्याला पाठीवर पाडला. पाय हवेत वळवळायला लागले. मोजले. पुन्हा मोजले. बायकोला मोजायला लावले.

"सहा," ती म्हणाली. "का वो?"

"काय न्हाई."

त्याला सरळ केलं. तो आपल्या वाटेनं गेला. मला मात्र जेवण गेलं नाही. राहिलेले दोन पाय कुणाच्या हाती पाठवून द्यावेत, आपण जाऊच नये, असंही मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या भट्टी पेटवली. गजाचे दोन पाय ठोकले, पहिल्या चारांपेक्षा नीट. ते घेऊन गाव जमायच्या आत स्वतः शाळेत गेलो, त्या पोरीला घमेलं धरायला लावलं, मधले दोन पाय बसवले आणि विटा काढल्या.