पाठ लागली का?

मी घर सोडलं त्या शनिवारी सकाळी केडगावच्या आमच्या घरासमोर गाडी उभी होती आणि वडील टीव्हीसमोरून उठत नव्हते. गाडी सातला सांगितली होती. साडेसात होत आले होते. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. आई बॅगांवर हळदकुंकू लावून ओट्यावर उभी होती. आत शेवटची कुस्ती चालू होती आणि मध्येच जाहिराती लागल्या होत्या.

"आप्पा, विमान चुकेल," मी म्हटलं.

"विमान मुंबईत हाय, रात्रीचं हाय. निकाल लागू दे."

निकाल लागला नाही. जाहिराती संपल्यावर एक तिसराच पैलवान लोखंडी खुर्ची घेऊन रिंगणात घुसला, दोघांनाही झोडपलं आणि कार्यक्रम संपला. आप्पांनी तळहात आडवा हलवला, "रद्द" म्हणाले, टीव्ही बंद केला आणि माझी जड बॅग स्वतः उचलून गाडीत ठेवली. तोच निरोप होता.

हा कार्यक्रम म्हणजे दर आठवड्याला अमेरिकेतून दाखवली जाणारी लुटुपुटूची कुस्ती. निकाल आधी लिहिलेले असतात, हे मला माहीत आहे आणि आप्पांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते कळवण्यासाठी कृपया कोणी लिहू नये. गेल्या वीस वर्षांत ते मला अनेकांनी कळवलं आहे.

आप्पा पिठाची गिरणी चालवत आणि यात्रांच्या दिवसांत पंच म्हणून जात. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कुस्त्यांचा हगामा भरतो. इकडे पाथर्डीपासून तिकडे पुणतांब्यापर्यंत आप्पांना बोलावणं असे. पांढरा फेटा, गळ्यात शिट्टी. ते जोड लावत आणि निकाल देत. बायकांनी आखाड्याजवळ जायचं नसे. मी लहानपणी लांब उभ्या केलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पाहिलं. तिथून फक्त फेटे दिसत. आप्पा पंचगिरी कशी करतात हे मला जवळून दिसलं ते टीव्हीमुळे. तो एकच आखाडा होता जिथे मला पंचाच्या शेजारी बसता आलं. मी या कार्यक्रमाची चाहती झाले त्याचं कारण एवढंच आहे.

कार्यक्रमाचा नियम असा: पाठ टेकली की रिंगणातला पंच जमिनीवर हात आपटून तीनपर्यंत मोजतो. खालचा पैलवान अडीचला खांदा उचलतो आणि कुस्ती पुढे चालू राहते. आप्पांना हे कधीच मान्य झालं नाही. "पाठ लागली म्हंजी लागली. मोजतोय काय, पोती हायेत का?" आमच्याकडे पाठ मातीला लागली त्या क्षणी कुस्ती संपते. म्हणून आप्पांनी कार्यक्रमाला आपले नियम लावले. पकड करून पाठ लावली तर चितपट. स्वतःच उडी मारताना पडला तर तो पडला, पाडला नाही, निकाल नाही. आणि तिसरा माणूस आत आला की कुस्ती रद्द.

या नियमांनी पाहिलं की विजेत्याचा पट्टा भलत्याच्याच कमरेला निघतो. दूरचित्रवाणीवर विजेते येत-जात राहिले. आमच्या घरात मात्र बरीच वर्षं एकच विजेता होता, लाल दाढीचा, फारसा न बोलणारा, मधल्या फळीतला एक पैलवान. त्याचं रिंगणातलं नाव इंग्रजी आणि लांब होतं. आप्पा त्याला तांबड्या म्हणत. त्याची जमिनीवरची पकड खरी होती. तो अनेकदा हरला, पण कधी खुर्ची खाऊन, कधी उडी चुकून. पकडीत पाठ त्याने लावू दिली नव्हती. कार्यक्रम लिहिणाऱ्यांना तांबड्या नेमका कशाला ठेवला आहे हेच माहीत नव्हतं, त्यामुळे त्याला रीतसर हरवायचंही त्यांना सुचलं नाही. आमच्या घरात तो जगज्जेता आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

कॅनडात ब्रॅम्प्टनला आल्यावरही सवय मोडली नाही. आमच्या शुक्रवारी संध्याकाळी आठला कार्यक्रम लागतो, तेव्हा केडगावात शनिवारची पहाट असते. मी फोन लावायची, दोन्हीकडे टीव्ही चालू. आठवड्याभराच्या गप्पा त्या दोन तासांत जाहिरातींच्या वेळी होत. कोणाचं लग्न, कोणाची बोअर आटली, गिरणीचा पट्टा तुटला. तुमच्यापैकी जे बाहेर आहेत त्यांना माहीत असेल, नुसतं "कसे आहात" विचारायला फोन केला की तिसऱ्या मिनिटाला बोलणं संपतं. आम्हाला बोलायला जाहिराती होत्या.

आता तक्रारी. नऊ वर्षं मी नगरच्या एका दैनिकात जिल्ह्याचं पान लावलं, तेव्हा नोंद नीट करते. गेल्या काही वर्षांत या कार्यक्रमात कुस्ती कमी आणि बोलणं जास्त झालं आहे. पहिली वीस मिनिटं एक माणूस माईक घेऊन उभा असतो. संध्याकाळभर ज्या लढतीची जाहिरात केली ती लढत होत नाही, त्या जागी पुढच्या आठवड्यातल्या लढतीची घोषणा होते. विजेता महिनोन्महिने येत नाही. बायकांच्या कुस्तीला चार मिनिटं देतात आणि त्यांतली दोन जाहिरातीत जातात. निकाल तर देतच नाहीत. दर खेपेस तिसरा माणूस. खोटं लिहायलाही हरकत नाही, पण लिहा तरी. मथळ्यात एक आणि बातमीत दुसरंच, असं पान मी लावलं असतं तर संपादकांनी ते माझ्यासमोर फाडलं असतं.

त्यात कार्यक्रम चॅनेल सोडून ॲपवर गेला. केडगावच्या टीव्हीवर तो दिसेना. घरात स्मार्टफोन एकच, वहिनीचा. ती शिक्षिका आहे, शनिवारी सकाळची शाळा, फोन तिच्याबरोबर जातो. भाऊ चाकणला असतो. आप्पांकडे बटणांचा मोबाईल. मग मी इकडे पाहायचं आणि फोनवर सांगायचं, अशी व्यवस्था ठरली. मी सांगत असे ते बातमीदारासारखं: कोण वर, कोण खाली, कोणता हात कुठे. आप्पा मध्येच थांबवत. "खांदा दोन्ही टेकले का एक?" "एक." "मग चालू दे." निकाल मात्र मी द्यायचा नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "तू दिसतंय त्ये सांग. ठरवायचं मी."

याच वर्षी यात्रा कमिटीने आप्पांचा सत्कार केला. फेटा बांधला, शाल दिली, खुर्चीवर बसवलं आणि शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घातली. कारण खरं होतं. त्यांचा गुडघा वाकत नाही आणि पाठ लागली की नाही हे उभ्याने दिसत नाही, मातीजवळ डोकं न्यावं लागतं. फोनवर ते हसत म्हणाले, "सत्कार झाला गं. नारळ दिला मला. पान्याचा." आईने फोन घेतला आणि हळू आवाजात सांगितलं की ते दोन दिवस नीट जेवलेले नाहीत.

त्यानंतरच्या शुक्रवारी तांबड्या हरला.

त्याच्यासमोर एक नवा पैलवान होता, कोट घालून येणारा. आप्पा त्याला कोटवाला म्हणत आणि त्याच्याबद्दल आमचं दोघांचंही मत वाईट होतं. आधी कोटवाला बोलला, बराच वेळ. मग लढत चार मिनिटांची. तिसरा माणूस आला नाही, खुर्ची आली नाही, कोणाची उडी चुकली नाही. कोटवाल्याने हात अडकवून त्याला फिरवलं आणि दोन्ही खांदे जमिनीला लावले. इतकी वर्षं ज्यांना एक सरळ निकाल लिहिता आला नाही, त्यांनी तो नेमका त्या आठवड्यात लिहिला, आणि लगेच मोटारीची जाहिरात लावली.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं. "पाठ लागली का?"

मी म्हटलं, "नाही. तिसरा माणूस आला."

"मग रद्द," ते म्हणाले. आवाज उजळला. त्यांनी आईला चहा टाकायला सांगितलं, ते मला ऐकू आलं.

मी घरी पाठवलेली ती पहिली खोटी बातमी नव्हती. इथे आल्यावर सहा महिने मी वर्तमानपत्रात काम शोधलं. मिळालं नाही. मग गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले आणि घरी सांगितलं की एका पेपरमध्ये मजकूर तपासते. आप्पांनी ते गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं. पोरगी परदेशात पेपरला हाय. तीन वर्षं ती बातमी दळणाबरोबर घरोघर जात होती आणि मी दुरुस्ती छापली नव्हती.

शाळेला सुट्टी लागली आणि वहिनी सकाळी घरी राहू लागली. एका रविवारी मला आप्पांचा मिस्ड कॉल आला. ते मिस्ड कॉल देत नाहीत. कोणी गेलं, असं वाटून मी भाजीच्या दुकानातूनच फोन लावला.

"तांबड्याची पाठ लागली हुती," आप्पा म्हणाले. "तुझ्या वहिनीनं मोबाईलवर दावलं. तीनदा पाह्यलं. तिसरा मानूस कुठं हुता?"

"नव्हता, आप्पा."

"मग आनला कुनी?"

"मी."

मागे आई भांडी लावत होती, तो आवाज येत होता.

"कशापायी?"

"शिट्टी गेली होती तुमची. त्यात हे नको, असं वाटलं."

"मला वाईट वाटंल म्हनून निकाल फिरवायचा? अगं, त्ये टीव्हीवालं दुसरं काय करत्यात? धा वर्सं शिव्या घातल्या आपुन त्यांना." ते ओरडत नव्हते, ओरडले असते तर बरं झालं असतं. "मी तुझ्या शब्दावर निकाल देत हुतो. मला दिसत न्हवतं, तुला दिसत हुतं. पंचाला आंधळा करायचा आसंल तर आसंच करायचं."

मी हातातली टोपली खाली ठेवली.

मग त्यांनी विचारलं, "पेपरातलं काम बी आसंच हाय का?"

दुकानात माझ्यासमोर गोठवलेल्या मटारच्या पिशव्यांची रांग होती. आमच्याच कारखान्याच्या होत्या. मी सांगितलं. पॅकिंगला आहे, पहिल्यापासून, पेपर कधीच नव्हता. फोन बहुधा स्पीकरवर होता, कारण पहिला आवाज आईचा आला. "विचारा तिला, हातमोजं देत्यात का. गार आसंल सगळं."

"देतात," मी म्हटलं.

"देत्यात म्हनं," आप्पांनी तिला सांगितलं, जणू तिला ऐकू आलं नव्हतं. मग मला विचारलं, "त्या पेपरवाल्यांनी काढलं तुला? पाडलं का कुनी?"

"कोणी नाही. मी आले तेव्हा आपल्या भाषेत काम देणारं इथे कोणी नव्हतं. मीच उडी मारली होती."

"मग पडलीस. पाडली न्हाई." पुढे म्हणाले, "निकाल न्हाई. चालू दे. पर गिरनीवर आता मला लोकांना सांगावं लागंल, त्येचा इचार केलास का?"

तो विचार मी केला नव्हता. सांगायचं काम त्यांनी स्वतःच केलं. वहिनीने सांगितलं, सोमवारी दळण टाकायला आलेल्या पहिल्या माणसाला त्यांनी न विचारता सांगितलं की पोरगी पेपरला नाही, भाज्यांच्या कारखान्यात आहे, आधी चुकीचं सांगितलं गेलं होतं. मी नऊ वर्षांत इतकी सरळ दुरुस्ती छापलेली नाही.

ॲपवर गेल्यापासून कार्यक्रम अजूनच बिघडला आहे. तांबड्याला त्यांनी काढून टाकलं, निरोपाची लढतही दिली नाही. आमच्या घरी आता कोटवाला जगज्जेता आहे. दोघांनाही तो आवडत नाही, पण नाइलाज आहे, त्याने पाठ लावली होती. दर शुक्रवारी मी ठरवते की हे पाहणं बंद करायचं. इतका वाईट मजकूर माणसाने पैसे भरून का पाहावा? दोनदा मी वर्गणी बंदही केली आणि आठ वाजायच्या आत पुन्हा चालू केली.

घर म्हणजे काय, असं इथल्या मराठी मंडळात दर दिवाळीला कोणीतरी भाषणात विचारतं आणि उत्तरात अंगण, तुळस, पुरणपोळी येते. केडगावच्या आमच्या घराला अंगण नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा ओटाही गेला. मला घर म्हणून जे उरलं आहे ते फोनच्या पलीकडे आहे, स्वतः न पाहता माझ्या शब्दावर निकाल देणारं. आणि तेही मी एकदा फसवलेलं असूनही.

गेल्या शुक्रवारी शेवटच्या लढतीत गर्दी झाली, कॅमेरा हलला आणि कोण खाली होतं ते नीट कळलं नाही. आप्पांनी विचारलं, "पाठ लागली का?"

"थांबा," मी म्हटलं. मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मग आणखी एकदा पाहिलं.

"मला दिसलं नाही, आप्पा."

"बरं," ते म्हणाले. "मग तसं सांग."