मोहाखाली अंथरलेल्या साड्या
मोहफुलांचा गोड, आंबूस वास आला की भद्रावतीतल्या वस्तीमागची आमची झाडं आठवतात. कुऱ्हाडीपासून ती आम्हीच राखली होती. पण तिथं सरकारी उद्यान झालं आणि फुलं वेचणाऱ्या बायांनाच फाटक बंद झालं. "फुलं दिसावीत म्हणून तुम्ही खालचा पाला जाळता, आग पसरते," उद्यानाचे साहेब म्हणाले. ते खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडलो. भाजीबाजारात घासाघीस करूनच मी वर आलेलो. म्हटलं, "साहेब, एक काडी जरी पेटली तं फाटक कायमचं बंद करा. नाई पेटली तं बाराही महिने उघडं ठेवा. बोला!" साहेब हसले, "दाखवा वेचून." संध्याकाळी बायांनी घरातल्या जुन्या साड्या आणून झाडांखाली अंथरल्या. पहाटे साहेब आले, तेव्हा फुलं टपटप साड्यांवर पडत होती. पाला जाळायचं कामच उरलं नव्हतं. शेजारची बाई ओरडली, "साहेब, नुसते पाहून काऊन राह्यले? पकडा ते टोक!" साहेबांनी साडी धरली, आणि सौदा मी जिंकला. उद्यानाच्या पाटीवर वस्तीचं नाव आजही नाही, ते मला खुपतंच; पण पाटी वाचायला थांबतं कोण? आमची पोरं सरळ आत पळतात.